शिंगाडेसाहेबांची उजळणी

परभणी जिल्ह्यात साथी पावसापाण्यानं येतात, असा एक समज आहे. आमच्या बाजूला तरी तो खोटा आहे. इथं कोणत्या महिन्यात कोणता रोग यायचा, हे मी ठरवत आलो. मी थायरॉईडवर व्याख्यान ठेवलं की दुसऱ्या दिवसापासून सेलूपासून गंगाखेडपर्यंत माणसांचे गळे चाचपले जात. बी-ट्वेल्व्हवर ठेवलं की अख्ख्या जिल्ह्याच्या तळपायाला मुंग्या येत. एकदा पोटातल्या जंतांवर फार जोरदार व्याख्यान झालं, तर त्या महिन्यात परभणीच्या दुकानांतून जंतांच्या गोळ्या संपल्या आणि जंतांनी रातोरात हिंगोली जिल्ह्यात स्थलांतर केलं. हे शेवटचं मी थोडं वाढवून सांगतोय. पण फार नाही.

मी स्वतः डॉक्टर. नाव मोगरे, गाव सेलू. पदवी आयुर्वेदाची, पेशंट सगळ्या प्रकारचे. आता दवाखान्यात सून बसते आणि मी बाहेर बाकावर, पेशंटांच्या रांगेत. तिथं बसल्या बसल्या मी जी निदानं करतो ती सून ऐकत नाही. पेशंट मात्र ऐकतात, म्हणून तिनं माझा बाक हल्ली दारापासून बराच लांब सरकवला आहे.

पन्नाशीला आल्यावर मला फंक्शनल मेडिसिनचं वेड लागलं. ते म्हणजे काय, असं लोक विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळं सांगतो. तुम्हाला खरं सांगतो. साधा डॉक्टर विचारतो, काय होतंय. आमचा माणूस विचारतो, कामून होतंय, म्हणजे कशामुळं होतंय. कधीपासून होतंय, त्याच्या आधी घरात काय झालं होतं, काय खाता, कधी खाता, झोप कशी आहे, कोणाशी पटत नाही. डोकं दुखलं की गोळी द्यायच्या आधी ते डोकं दुखायला लागलं कुठून, हे शोधत मागं मागं जायचं. या शास्त्रातलं सगळंच पक्कं आहे असं नाही, त्याच्या नावावर बाटल्या विकणारेही बरेच आहेत. पण विचारण्याची सवय चांगली, एवढं मी कोर्टात शपथेवर सांगेन.

अडचण एकच, पेशंटला ती सवय नसते. जिनिंगवर कापूस उतरवून आलेला माणूस ट्रॅक्टर खाली चालू ठेवून जिना चढतो. त्याला मी विचारतो, "रात्री जेवता कधी?" तो म्हणतो, "डॉक्टर, तुमाला जेवायला यायचंय का? सुई मारा अन् जाऊ द्या."

तर असं वेड लागलेले आम्ही चाळीसेक डॉक्टर जिल्ह्यात होतो. आयुर्वेदवाले, होमिओपॅथीवाले, युनानीवाले. शिकायची हौस होती, पण बाहेरची शिबिरं पुण्या-मुंबईला होत आणि तिथले लोक आम्हाला रोग समजावून सांगताना आवाज चढवून बोलत, जसं काही आम्हाला कमी ऐकू येतं. म्हणून मी परभणीतच वर्ग काढला. महिन्याचा शेवटचा रविवार, एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल. वर्गाचं नाव 'हमखास नजरेतून सुटणारे आजार'. वर्गाला कोणाची मान्यता नव्हती, गुण नव्हते, प्रमाणपत्र नव्हतं. तरी तो चालला, कारण मी व्हॉट्सॲपवर व्याख्यानाचा विषय कधी टाकला नाही, जेवणाचा बेत टाकला. 'येसराची आमटी, भात, बुंदी' एवढं टाकलं की जिंतूरचे डॉक्टर चालू सलाईन संपायची वाट न बघता निघत, असं मी ऐकलं आहे. मीच पसरवलं आहे, पण ऐकलंही आहे.

आधी जेवण, मग व्याख्यान. इथं माझी एक चूक होत होती. येसराच्या आमटीनंतर जागा राहणारा माणूस अजून मराठवाड्यात जन्मायचा आहे. पाहुणा डॉक्टर पडद्यावर यकृत दाखवायला लागला की समोर चाळीस माना पेंगत. म्हणून आम्ही एक नियम केला. जो झोपलेला सापडेल, त्यानं पुढच्या महिन्यात त्याच विषयाची उजळणी घ्यायची. उजळणीही फळ्यावर लिहून नाही. त्यानं पुढं खुर्चीवर बसून पेशंट व्हायचं. पेशंटचं पूर्ण सोंग घ्यायचं, कण्हायचं, कुथायचं, आम्ही डॉक्टर होऊन प्रश्न विचारायचे आणि त्याच्या उत्तरांतून रोग ओळखायचा. शिक्षा म्हणून सुरू झालेला हा प्रकार पुढं व्याख्यानापेक्षा जास्त रंगायला लागला.

आणि रंगायला लागला तो एका माणसामुळं. डॉ. शिंगाडे. गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावचे. आमच्यात वयानं मोठे, अंगानं काडी. वारा सुटला तर खिशात स्टेथोस्कोप ठेवून वजन वाढवत असतील असा माणूस. दर महिन्याला पहिल्या रांगेत कूलरसमोर बसायचे, आणि पाहुणा 'नमस्कार' म्हणायच्या आत झोपायचे. त्यामुळं दर महिन्याची उजळणी त्यांच्याकडं. त्याचा परिणाम असा, की एकही व्याख्यान न ऐकलेला हा एकटा माणूस प्रत्येक विषय आमच्यापेक्षा पक्का तयार करून आणायचा. थायरॉईडच्या उजळणीला ते भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून थंडी वाजणारी बाई झाले होते. आवाज सुद्धा जड काढला होता. माझी बायको त्या दिवशी सोबत आली होती, तिनं त्यांना चहा करून आणला.

घोरणं तर विचारू नका. परभणी स्टेशनात उभी असलेली मालगाडी एकदा त्यांच्या घोरण्यानं सुटली. पाथरीचे डॉ. जमील, युनानीवाले, माझे जुने दोस्त आणि माझ्या प्रत्येक गोष्टीला कात्री लावणारे, ते म्हणतात, "मोगरेसाहेब, मालगाडी सुटायचीच होती. तुमी घोरण्याच्या खात्यावर कामून टाकायलेत?" पण हॉलच्या खिडकीची काच थरथरत होती, एवढं तेसुद्धा कबूल करतात.

आम्ही सगळे डॉक्टर, तेव्हा शिंगाडेसाहेबांच्या झोपेवर इलाज न करणं आमच्या स्वभावात नव्हतं. थायरॉईडच्या महिन्यात आम्ही त्यांचं थायरॉईड तपासलं. बी-ट्वेल्व्हच्या महिन्यात इंजेक्शनं दिली. ड जीवनसत्त्वाच्या महिन्यात त्यांना मंगल कार्यालयाच्या गच्चीवर उन्हात बसवलं, तर ते तिथं झोपले. जंतांच्या महिन्यात काय दिलं ते सांगायला नको. त्यांच्यावर वर्षभराचा अभ्यासक्रम पार पडला आणि ते बिचारे आमचं मन मोडायला नको म्हणून सगळं गिळत राहिले. "बरं वाटायलंय का?" विचारलं की म्हणायचे, "लय बरं वाटायलंय," आणि डोळे मिटायचे.

मग एक दिवस त्यांच्या घरून फोन आला. सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी. वहिनी शिक्षिका होत्या, कमी बोलतात आणि बोललेलं खोडू देत नाहीत.

"भावजी, यांनी गुढीपाडव्याला दवाखान्याला कुलूप लावायचं ठरवलंय. पुण्याला पोराकडं जायचं म्हणायलेत."

मी म्हटलं, "वहिनी, असं कसं? गावाला दुसरं कोण आहे?"

खरंच कोणी नव्हतं. त्या बाजूच्या वाड्या-तांड्यांना वेळी-अवेळी उघडं सापडणारं तेवढंच एक दार. ऊसतोडीहून परत आलेली बिऱ्हाडं ट्रकमधून उतरली की घराचं कुलूप काढायच्या आधी शिंगाडेसाहेबांकडं येतात. कोणाचं लेकरू कोणत्या कारखान्यावर आजारी पडलं होतं, हे त्यांना आईच्या आधी आठवतं.

वहिनींनी जे सांगितलं ते असं. डॉक्टर दवाखान्यात बसल्या बसल्या झोपायला लागले होते. एका म्हाताऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तसाच डोळा लागला. म्हातारा हालेना. बायको विचारायला लागली तर तिला हातानं गप्प करून म्हणाला, "हालू नगंस, डॉक्टर लय बारीक तपासायलेत." तो म्हातारा अर्धा दिवस तसाच पडून होता, असं मी सांगतो, वहिनींनी थोडा वेळ म्हटलं होतं. पण सगळेच पेशंट इतके भाविक नसतात. गावात कुजबुज सुरू झाली, डॉक्टर दिवसा पितात. ज्या माणसानं लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा मठ्ठा घेतला नाही, त्याच्याबद्दल हे.

"अन् ते रोही," वहिनी म्हणाल्या.

रोह्याची गोष्ट आम्हाला माहीत होती. शिंगाडेसाहेबांची गाडी गंगाखेडच्या अलीकडं रस्ता सोडून सोयाबीनच्या रानात गेली होती, कारण रोही आडवं आलं. आमच्याकडं नीलगायीला रोही म्हणतात. मी ही गोष्ट वर्गात इतक्यांदा सांगितली, की शेवटी त्या रोह्याला शिंगं फुटून ते हत्तीएवढं झालं होतं.

"रोही न्हवतं भावजी. मी बाजूला बसले होते. यांचा डोळा लागला. लोकांनी विचारलं तर हे म्हणाले रोही होतं, म्या बी म्हणाले, हो, होतं." मग त्या म्हणाल्या, "घरात मी स्वैपाकघरात झोपते, मधली दोन दारं लावून. तुमी इतके डॉक्टर मिळून दर महिन्याला जेवता. एकाला बी कळंना का, माझ्या माणसाला काय झालंय?"

याला माझ्याकडं वाढवून सांगण्यासारखंही काही नव्हतं.

योग असा, की त्या महिन्याचा विषय झोप होता. झोपेचेही डॉक्टर असतात हे ऐकूनच आमच्यातले दोघे हसले होते. डॉ. रेवती म्हणून एक बाई संभाजीनगरहून आल्या होत्या. वयानं आमच्या लेकीसारख्या, आवाज मात्र वर्गशिक्षिकेचा. त्या उभ्या राहिल्या आणि शिंगाडेसाहेब झोपले. सगळे माना खाली घालून हसायला लागले, कारण पुढच्या महिन्यात झोपेची उजळणी झोपणाराच घेणार, यापेक्षा चांगला विनोद आमच्या वर्गात झाला नव्हता.

घोरणं चढायला लागलं. बाई वाक्य अर्ध्यात सोडून थांबल्या. मला वाटलं, चिडल्या. मी जमीलला खूण केली, हलवा त्यांना. बाईंनी हात वर केला.

"उठवू नका. कूलर बंद करा. पंखेसुद्धा."

हॉल शांत झाला. फक्त शिंगाडेसाहेब ऐकू येत होते. आवाज चढत गेला, चढत गेला आणि एकदम तुटला.

मागून कोणीतरी म्हणालं, "थांबले एकदाचे."

"पोट बघा," बाई म्हणाल्या.

पोट हालत होतं. छाती ओढत होती. बरगड्या वर-खाली होत होत्या, पण नाकातोंडातून काही जात नव्हतं आणि काही येत नव्हतं. बंद नळाला मोटार लावावी तसा तो सगळा देह नुसता राबत होता. खोलीत चाळीस स्टेथोस्कोप होते आणि एकाच्याही मालकाला हात पुढं करायचं सुचलं नाही. मग पाण्यात बुडालेलं वासरू वर यावं तसा एक मोठा हुंदका आला, मान झटकली, आणि घोरणं पुन्हा सुरू. थोड्या वेळानं पुन्हा तुटलं.

"तुम्ही सगळे यांचं घोरणं ऐकत होता," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ते थांबतं, तिथं ऐकायचं असतं."

बाहेरच्या लोकांसाठी सोप्यात सांगतो. झोपेत घसा सैल पडतो. काहींचा इतका सैल पडतो की श्वासाची वाटच मिटते. शरीर हवा ओढतं, हवा येत नाही, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, वाट उघडते, माणूस परत झोपतो. त्याला पत्ता नसतो. रात्रभर हेच चालू. सकाळी तो उठतो तेव्हा रात्रभर कोणीतरी धरून उठाबशा काढायला लावल्यासारखा थकलेला असतो, आणि मग दिवसा जिथं टेकला तिथं झोपतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि गाडी चालवणारा असेल तर पुढचं बोलायला नको.

जमील म्हणाले, "पण मॅडम, हा तर जाड्या माणसांचा रोग ना? आमचे साहेब तर काडी हायेत."

"म्हणूनच सुटले तुमच्या नजरेतून. जाड मान असली की सगळ्यांना संशय येतो. यांची हनुवटी बघा."

आम्ही बघितली. इतकी वर्षं त्या माणसाच्या पंगतीला बसलो, पण हनुवटी कधी बघितली नव्हती. लहानशी आणि आत गेलेली. जबडा मागं असला की जिभेला जागा कमी पडते, निजलं की ती घशावर पडते. सडपातळ माणसालाही हे होतं, एवढंच आम्हाला ठाऊक नव्हतं.

इतक्यात शिंगाडेसाहेब जागे झाले. पंखे बंद, कूलर बंद, आणि सगळे डॉक्टर खुर्च्या सोडून त्यांच्या तोंडाकडं वाकून बघतायत. ते म्हणाले, "लाईट गेली का?"

व्याख्यान संपल्यावर हात धुवायच्या नळापाशी मी आणि जमीलनं त्यांना गाठलं. मी म्हटलं, "साहेब, एक झोपेची तपासणी करून घ्या."

"कोणाची?"

"तुमची."

त्यांनी हात पुसले, रुमालाची घडी घातली. "गावात म्हणायलेत शिंगाडे पितो. आता तुमी म्हणा, शिंगाड्याला झोपेचा रोग हाय. काल जंत होते, परवा थायरॉईड होतं. पुढच्या महिन्यात काय, गर्भपिशवी तपासता का?"

जमील म्हणाले, "अहो साहेब, ही मॅडम म्हणायलीय."

"मॅडमचा विषय हाय म्हणून ती म्हणायलीय. हृदयवाला आला असता तर हृदय म्हणाला असता. तुमची जात मला मालूम हाय, मी त्याच जातीचा हाय. माझं वय झालंय, ध्यान राहत न्हाई, बस. पाडव्याला कुलूप लावतो अन् पुण्याला जातो. तिथं म्हातारा झोपला तर कोणी विचारत न्हाई."

आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. महिन्याचा रोग महिन्याच्या पेशंटला चिकटवायची आमची खोड त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार? लांडगा आला रे म्हणून ओरडण्यात आमचं वर्ष गेलं होतं आणि आता खरा आला, तर त्यांनी खुर्ची सोडायला नकार दिला.

मी म्हटलं, "बरं. पण उजळणी तुमच्याकडं. नियम आहे."

"देतो की. शेवटची देतो अन् सुटतो." शब्दाला पक्का माणूस.

त्या महिन्यात मी आणि जमीलनं फोनवर जे कारस्थान रचलं, तसं पंचायत समितीच्या निवडणुकीतही रचलं जात नाही. सोंग ते घेणार, प्रश्न आम्ही विचारणार. रोग कोणता हे सगळ्यांना आधीच माहीत. मग ओळखायचं काय राहिलं? पेशंट. तेवढंच ओळखायचं होतं आणि तेही त्यांनी स्वतः. मी सगळ्या डॉक्टरांना तंबी दिली, कोणी हसायचं नाही, कोणी हनुवटीकडं बघायचं नाही, आणि प्रश्न फक्त जमील आणि मी विचारणार.

उजळणीच्या दिवशी शिंगाडेसाहेब शर्टाच्या आत उशी बांधून आले. डोक्यावर टोपी, तोंडात पान. गंगाखेडच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, जाडजूड आडत्या. खुर्चीवर असे बसले की खुर्चीलाही ते जाड वाटले असावेत.

"काय शेठ, काय होतंय?" जमीलनं सुरुवात केली.

"मला कुठं काय होतंय? बायकोनं पाठवलंय."

हशा झाला. पुस्तकातलं पहिलं लक्षण त्यांनी नेमकं उचललं होतं. या रोगात पेशंट स्वतःहून येत नाही.

"घोरता का?"

"मी कशाला घोरू? बायको म्हणती."

"बायको कुठं झोपती?"

"स्वैपाकघरात. मधली दोन दारं लावून."

लोक हसले. मी नाही हसलो. हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

मी विचारलं, "सकाळी उठल्यावर डोकं कसं असतं?"

"जड. पोतं ठेवल्यासारखं."

"दुकानात बसल्या बसल्या डोळा लागतो?"

"लागतो की. मागं तर एका पेशंटच्या छातीवरच..." ते थांबले. पान गालात सरकवलं. "गिऱ्हाईकाच्या. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता लागला."

आता कोणीच हसलं नाही. शिंगाडेसाहेबांनी आमच्याकडं एकदा नजर फिरवली. उत्तम नटाला समजतं, नाटकगृहातली हवा बदलली ते.

जमीलचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नाही. "शेठ, गाडी कोण चालवतं?"

"मीच."

"चालवताना कधी डोळा लागला?"

"न्हाई. एकदा फक्त, गंगाखेडच्या अलीकडं, रोही आडवं आलं होतं."

"किती मोठं होतं रोही?"

बाहेर मंगल कार्यालयाच्या आवारात कोणीतरी मांडवाचे बांबू उतरवत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. शिंगाडेसाहेबांनी शर्टात हात घातला, गाठ सोडली, उशी बाहेर काढली आणि मांडीवर ठेवली. टोपी काढून उशीवर ठेवली.

"रोही न्हवतं," ते म्हणाले. "रिकामा रस्ता होता. सुमन बाजूला बसली होती. तिनं लोकांना सांगितलं, म्या बी बघितलं रोही."

मग ते पुढं बोलले, आडत्याच्या आवाजात नाही, दवाखान्यातल्या आवाजात. "या पेशंटची झोपेची तपासणी करा. वजन नसलं तरी करा, हनुवटी बघा. रक्तदाब बघा. अन् इलाज लागू पडेपर्यंत पेशंटला गाडीवर बसू देऊ नका. हे सगळ्यात आदी सांगा, बाकीचं मागून." खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "जमील, तुमची गाडी राणीसावरगावकडून जाती का?"

पाथरी परभणीच्या एका बाजूला, राणीसावरगाव बरोबर उलट्या बाजूला.

"पाथरीला जायला तोच तर रस्ता हाय," जमील म्हणाले.

पुढचं सगळं सरळ झालं, म्हणून त्यात सांगण्यासारखं कमी आहे. तपासणी झाली, बाई म्हणाल्या तेच निघालं. रात्री नाकावर लावायचं हवेचं मशीन आलं. हवेच्या दाबानं ते घशाची वाट उघडी ठेवतं. पहिल्या रात्री शिंगाडेसाहेब म्हणाले, हे लावून झोपण्यापेक्षा मेलेलं बरं. दुसऱ्या रात्री वहिनींनी त्यांना सांगितलं, तेही चालेल, पण आधी हे लावा. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. गावात एक अफवा गेली आणि दुसरी आली; आता लोक म्हणायचे, डॉक्टर रात्री विमान चालवतात. ही अफवा मी पसरवली नाही. मी फक्त हेलिकॉप्टर म्हटलं होतं.

वहिनींनी मधली दारं उघडली. हे मला त्यांनी सांगितलं नाही. एकदा फोनवर बोलताना सहज म्हणाल्या, "मशीनचा आवाज लय बारीक हाय भावजी, देवघरातल्या समईसारखा." समईला आवाज असतो का, हे मी विचारलं नाही.

आमच्या वर्गानंही एक सुधारणा केली. आता व्याख्यानानंतर एक महिना त्या रोगाचं निदान करायला बंदी आहे. खरंच तसा पेशंट आला तर आधी दुसऱ्याला दाखवायचा. नियम फारसा पाळला जात नाही, पण तो मोडताना सगळ्यांना थोडी लाज वाटते, हेही कमी नाही.

गुढीपाडव्याला मी मुद्दाम राणीसावरगावला गेलो, कुलूप लागलंय का बघायला. दवाखान्याच्या दारावर गुढी होती आणि दारातून सुरू झालेली रांग चावडीपर्यंत गेली होती. चावडी तशी शेजारीच आहे, पण रांग होती. पुढं सरकत मात्र नव्हती. आत शिंगाडेसाहेबांचा आवाज येत होता. ऊसतोडीहून आलेल्या एका माणसाला ते विचारत होते, कारखान्यावर पाणी कुठलं पीत होतात, कोयता कोणत्या हातात धरता, रात्री पाय कधी दुखतात, झोपायच्या आधी की झोपल्यावर. तो माणूस उत्तरं देऊन घामाघूम झाला होता.

रांगेत एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला विचारलं, "काय आजी, डॉक्टर कसे हायेत आता?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मी कोण, कुठला, हे विचारायचीही तिला ताकद नव्हती.

"कशाचे कसे, बाबा," ती म्हणाली. "आदी लय बेस होतं. डॉक्टर डुलक्या द्यायचे, आमी सुई घेऊन घरी जायचो. आता हे जागे झालेत अन् आख्ख्या गावाची झोप उडवायलेत. मला काल विचारलं, सून वाढती तव्हा भाकर ताजी असती का शिळी. आता ह्याचं उत्तर मी सुनंसमोर कसं देऊ?"